डाग्नीचा बिनकागदी संसार

मोलवाडच्या नगरपालिकेत मी एकतीस वर्षं कारकुनी केली आणि त्या काळात किती अनोळखी लोकांच्या लग्नात उभी राहिले त्याची गणतीच नाही. लग्नाला दोन साक्षीदार लागतात. सीमेपलीकडून, जर्मनीतून पळून आल्यासारखी आलेली जोडपी साक्षीदार कुठून आणणार? त्यांच्याकडे लग्न करायचं म्हणजे कागदांचा डोंगर, आमच्या डेन्मार्कात त्या मानाने सोपं, म्हणून ती सकाळच्या गाडीने यायची आणि दुपारी नवरा-बायको होऊन परत जायची. लग्न लावणारे साहेब दारातून डोकं बाहेर काढून नुसतं "चला गं" म्हणायचे, की मी आणि शेजारच्या टेबलावरची डाग्नी हातातलं काम टाकून उठायचो.

मी कोरड्या चेहऱ्याने सही करून परत टेबलाशी यायचे. डाग्नी मात्र प्रत्येक लग्नात रडायची. नवरा-नवरीची नावंसुद्धा धड माहीत नसायची, तरी साहेबांनी "आता तुम्ही पती-पत्नी" म्हटलं की हिचा रुमाल बाहेर. नवऱ्या मुली तिच्या गळ्यात पडायच्या, सख्खी मावशी भेटल्यासारख्या.

"एवढं रडू येतं तर स्वतः एकदा करून टाक की," मी म्हणायचे.

"दुसऱ्याच्या लग्नात मोकळेपणाने रडता येतं, वीबके. स्वतःच्या लग्नात रडलं की लोक कारण विचारतात."

कारण डाग्नीने लग्न केलेलं नव्हतं. दूध संघाचा टँकर चालवणाऱ्या एस्किलबरोबर ती राहत होती, त्यांना मालेने नावाची मुलगी होती, घर होतं, एक म्हातारा आणि अतिशय बेशिस्त कुत्रा होता. नव्हता तो फक्त कागद. अशा घरांना इथे लोक बिनकागदी संसार म्हणायचे. सत्तरच्या दशकात आमच्या गल्लीत तरण्या जोडप्यांत कागदवाली मी एकटीच उरले होते, आणि तीसुद्धा बाहेरून आलेली.

मी मूळची पलीकडची, फ्लेन्सबुर्गची. वीस किलोमीटर अंतर, पण लग्नाच्या बाबतीत दोन्हीकडच्या तऱ्हा निराळ्या. आमच्याकडे मी चौदा वर्षांची असताना आईने माझ्यासाठी चादरी आणि टॉवेल साठवायला घेतले. टॉवेलांच्या कोपऱ्यावर माझी अक्षरं भरली आणि शेजारी नवऱ्याच्या अक्षरासाठी जागा सोडली. ती जागा मला रोज टोचायची. पंचविसाव्या वर्षी मुलगी बिनलग्नाची असली तर मैत्रिणी तिच्या दारावर रिकाम्या खोक्यांची माळ बांधतात, कारण अशा मुलीला आमच्याकडे 'जुनं खोकं' म्हणतात. मी त्या माळेच्या धास्तीनेच एकविसाव्या वर्षी लाउरिसशी लग्न केलं, असं आता वाटतं. तो इकडचा, डेनिश, वेल्डिंगचं काम करणारा, दिसायला देखणा. चादरी-टॉवेलांची पेटी घेऊन मी सीमा ओलांडली आणि पाहते तर इथे कुणाला पेटीचीही घाई नाही आणि खोक्यांचीही नाही.

इथली शिक्षा वेगळी असते. पंचविशीत बिनलग्नाचं राहिलं तर माणसाला दालचिनीच्या भुकटीत घोळवतात, आणि तिशीत मिरपूड. तिशीनंतर ती बाई 'मिरीबाई'.

डाग्नीची तिशी १९७६ साली आली आणि ऑफिसात मोठाच पेच पडला. जिच्या कडेवर पोर आहे आणि जिच्या घरात चार वर्षं पुरुष राहतोय, तिला मिरीबाई म्हणायचं का? दुपारच्या कॉफीवर यावर अशी चर्चा झाली की अंदाजपत्रकावरसुद्धा कधी झाली नसेल. शेवटी साहेबांनी निकाल दिला, "नोंदवही काय म्हणते ते खरं. नोंदवहीत अविवाहित आहे ना? मग मिरी."

माझ्या लाउरिसने तेलाची तीन रिकामी पिंपं एकावर एक जोडून माणसाहून उंच मिरी दळायचं यंत्र बनवलं, वर फिरवायला लोखंडी दांडा. ते डाग्नीच्या दारात उभं करायला पुढे कोण, तर खुद्द एस्किल! पहाटे टँकरवर जायच्या आधी त्याने शिडी धरली. डाग्नी झोपेतून उठून दारात आली, पाहते तर ही गर्दी. डोक्यावर मिरपूड पडली. ती शिंकली, पोर शिंकली, कुत्रा शिंकत शिंकत पळाला आणि दुपारपर्यंत सापडला नाही.

माझी आई तेव्हा फ्लेन्सबुर्गहून आली होती. कपाळाला हात लावून ती म्हणाली, "अगं, कडेवर लेकरू आणि दारात मिरीचं यंत्र! आणि नवरा शिडी धरतोय!"

"नवरा नाहीये तो, आई. म्हणूनच तर यंत्र."

"मग कोण आहे तो?"

इथल्या भाषेत त्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'प्रियकर' असा होतो, साठीच्या म्हाताऱ्यालाही तोच वापरतात. आईसमोर तो उच्चारायची माझी छाती नव्हती. ती सकाळ आठवली की अजून नाकाला मिरीचा वास येतो आणि हसूही. आम्ही सगळे तेव्हा जिवंत होतो, धडधाकट होतो आणि आपापल्या घरी होतो.

लग्न न करणं हा डाग्नीचा हट्ट होता, एस्किलचा नव्हे. त्याला लग्न हवं होतं. दर वर्षी मे महिन्यात बीच नावाच्या झाडांना पालवी फुटली की तो जेवणाच्या टेबलावर विचारायचा, "काय मग, या वर्षी?" डाग्नी म्हणायची, "बघू." संपलं, वर्षभर पुन्हा विषय नाही.

एकदा मी तिला नीट बसवून विचारलं तेव्हा तिने सांगितलं. "माझ्या आईबापांकडे कागद होता. दुसरं काहीच नव्हतं. आई एकोणिसाव्या वर्षी पोटुशी राहिली म्हणून लग्न. बाप तेवीस वर्षं रोज घरी आला, आणि रोज आल्या आल्या ऐकवायचा, 'लग्न झालंय म्हणून आलो.' एस्किल साडेतीनला दार उघडतो ना, तेव्हा मला माहीत असतं की याला कुणी सांगितलेलं नाही. मला ते रोज हवंय."

"आणि एखाद्या दिवशी नाही आला तर?"

"तर मला त्याच दिवशी कळेल. तेवीस वर्षं लागणार नाहीत."

मला हे सगळं बोलणं तेव्हा नाटकी वाटलं होतं. माझा कागद खणात होता आणि खण कुलूपबंद होता.

चौऱ्याऐंशी साली कील शहरातून फ्राउके नावाची एक संशोधक मुलगी आली. जर्मनी आणि डेन्मार्क या दोन देशांत माणसं पहिलं लग्न कोणत्या वयात करतात, याची ती तुलना करत होती. आठ दिवस तिने आमच्या नोंदवह्या उपसल्या. जाताना तिने कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. लाल रेघ जर्मनीची, विशी उलटली की शिस्तीत वर चढायची आणि तिशीच्या आत तितक्याच शिस्तीत खाली. निळी रेघ इथली, आळसावलेली, बुटकी, पुढे पुढे लांबत जाणारी. लाल रेघेच्या चढावर मला माझं एकविसावं वर्ष अगदी बोट ठेवून दाखवता आलं. अभिमान वाटला की लाज, ते मात्र अजून ठरलेलं नाही.

फ्राउके आपल्याकडच्या वळणाने सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायची, इथे तर साहेबांनाही कुणी 'तुम्ही' म्हणत नाही. तिने डाग्नीला विचारलं, "बाई, तुमचं पहिलं लग्न कितव्या वर्षी झालं?"

"अजून व्हायचंय."

"म्हणजे तुम्ही एकट्या राहता?"

"छे गं! माणूस आहे, मुलगी आहे, कुत्रा आहे."

फ्राउकेने पेन्सिल चावली. "मग तुम्हाला कोष्टकात कुठे बसवू?"

"कुठे जागा आहे?"

"पन्नाशीपर्यंत 'अजून नाही'मध्ये. पन्नाशी झाली की आम्ही 'कधीच नाही'मध्ये टाकतो."

"मग काय घाई आहे? बारा वर्षं आहेत की हातात!" डाग्नी म्हणाली, आणि आम्ही इतक्या हसलो की साहेब बाहेर आले.

त्या बारा वर्षांत उलथापालथ झाली ती माझ्याकडे. अठ्ठ्याऐंशी साली लाउरिस कोल्डिंगच्या एका बाईकडे निघून गेला. बावीस वर्षांचं लग्न, पेटीतले टॉवेलसुद्धा अजून विटले नव्हते. पहिला आठवडाभर डाग्नी रोज ऑफिस सुटल्यावर माझ्याबरोबर माझ्या घरी यायची आणि बटाटे सोलत बसायची. एकदाही म्हणाली नाही की कागदाने काय केलं तुझं. मीच मनात म्हणत होते.

शहाण्णव साली तिची पन्नाशी झाली. अंगणात टेबलं मांडली होती, गाव लोटलं होतं. एस्किलने सगळ्यांसमोर ग्लास वाजवून विचारलं, "मंडळी, आज ही 'कधीच नाही'मध्ये जातेय. शेवटची संधी. काय मग, या वर्षी?"

"जाऊ दे मला तिकडेच," डाग्नी म्हणाली. सगळे हसले, एस्किलही हसला. पण जरा वेळाने मी कप ठेवायला स्वयंपाकघरात गेले तर तो एकटाच नळाखाली एकच बशी धूत उभा होता.

"तुला खरंच लागलं की काय?" मी म्हटलं.

"लागलं," तो म्हणाला. "दूध संघातली पोरं म्हणतात, माझी बायको अशी, माझी बायको तशी. मला एकदा म्हणायचंय ते."

"मग म्हण की. कोण अडवतंय?"

"खोटं होईल ना."

असला सरळ माणूस. हे मी डाग्नीला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं आज वाटतं.

दोन हजार तीनच्या सप्टेंबरात एस्किल एका शेतावर टँकरला नळी जोडता जोडता कोसळला. अर्धांगाचा झटका. डाग्नी आणि मालेने इस्पितळात धावल्या. वॉर्डात नवीन आलेली एक नर्स फॉर्म भरत होती. तिने मालेनेला नाव, पत्ता विचारला आणि मग विचारलं, "आणि पेशंटची पत्नी? ती कुठे आहे?" डाग्नी समोर उभी होती, हातात त्याचे बूट धरून.

"ते विवाहित नाहीत," मालेने म्हणाली. "ही माझी आई."

"बरं," नर्स म्हणाली, "मग जवळच्या नातेवाइकात तुमचंच नाव लिहिते." तिचं काही चुकलं नव्हतं. फॉर्म तसाच होता.

तीस वर्षं डाग्नी 'लग्न झालेलं नाही' हे वाक्य मान ताठ करून म्हणत आली होती. त्या दिवशी तेच वाक्य पोरीच्या तोंडून ऐकलं आणि ती बूट घेऊन जिन्यात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आली ती थेट लग्नाच्या अर्जांच्या कपाटाशी. एक अर्ज काढला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "भर. माझं आणि एस्किलचं नाव. घराबिराचं त्याने सगळं करून ठेवलंय, त्यासाठी नाही हे. मला त्याची कुणीतरी व्हायचंय."

मी अर्ज भरला. आयुष्यात इतकं सुवाच्य अक्षर मी काढलं नसेल.

एस्किल नोव्हेंबरात घरी आला. डावा हात लुळा, पाय ओढत खुर्चीपासून पलंगापर्यंत जाणार, पण डोकं आणि जीभ शाबूत. एका रविवारी दुपारी मी काळ्या पावाचा केक करून घेऊन गेले. डाग्नीने नवा ब्लाउज घातला होता. तिने अर्ज त्याच्यापुढे ठेवला, पेन उघडून त्याच्या उजव्या हातात दिलं आणि म्हणाली, "काय मग, या वर्षी?"

एस्किलने चष्मा मागितला. पुढची बाजू वाचली, मागची बाजू वाचली. मग दातांनी टोपण धरून पेन बंद केलं.

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नको. लग्न नको."

डाग्नीला वाटलं चेष्टा चाललीय. "तीस वर्षं डोकं खाल्लंस माझं!"

"खाल्लं. तेव्हा मला चालता येत होतं. टँकर होता हाताशी, कुठेही जाऊ शकलो असतो. कोल्डिंगला सुद्धा." मला टोमणा होता तो, मी सोडून दिला. "रोज घरी आलो. तुला तेच हवं होतं ना, कुणी न सांगता आलेला माणूस? आता मी कुठे जाणार, खुर्चीतून पलंगावर? आता जाऊ शकणारी तू आहेस."

"मी कुठ्ठेही जाणार नाहीये, गाढवा!"

"मग कागद कशाला?"

एस्किलचा आवाज एकदम खाली आला. "तीस वर्षं तू बघितलंस, डाग्नी. साडेतीनला दार वाजलं की तुला कळायचं. मलाही बघू दे ना थोडे दिवस."

ती उठून अंगणात निघून गेली. मला इतका संताप आला की मी केकचा तुकडा त्याच्या बशीत आदळला. "ती तुझ्यासाठी गुडघे टेकतेय आणि तू जुने सूड काढतोस?"

"सूड नाही गं," तो म्हणाला, आणि रडायला लागला. एस्किलला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "दया आली म्हणून केलं, असं मला तिच्या बाजूला बसून आयुष्यभर वाटत राहील. तिने केलं तर. मला नाही ते झेपणार."

त्यानंतर चौदा महिने डाग्नी साडेतीनच्या ठोक्याला घरी पोहोचायची. एकदा हॅम्बुर्गचं एक जोडपं तीनला आलं, साहेबांनी "चला गं" म्हटलं. डाग्नी कोट चढवत म्हणाली, "आज नाही, आणि यापुढे तीननंतर कधीच नाही." साहेबांनी तळघरातून दप्तरखान्यातला माणूस साक्षीला बोलावला.

दिवसा त्याच्याजवळ थांबणारी मालेने सांगायची, सव्वातीन वाजले की बाबा खुर्ची दाराकडे वळवून मागतो. एक दिवस डाग्नीच्या सायकलचं चाक पंक्चर झालं, वाटेत कुणी भेटलं नाही, चार वाजायला आले. सायकल ढकलत ती फाटकाशी आली तर एस्किल दाराची चौकट धरून उभा. कित्येक आठवड्यांत तो आपल्या पायावर उभा राहिला नव्हता.

"आलीस," तो म्हणाला.

"आले."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला हे सांगताना ती रडली, आणि त्या दिवशी कुणाचंच लग्न नव्हतं.

एस्किल दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत गेला, सकाळी, मालेने त्याला कॉफी पाजत असताना. सीमेजवळच्या आमच्या भागात मृत्यूची नोंदही नगरपालिकेतच होते, त्यामुळे ती करायला डाग्नी माझ्यासमोरच आली. रोज माझ्या शेजारी बसणारी बाई त्या दिवशी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसली. मी नाव, जन्मतारीख, पत्ता टाइप केला. सगळं मला तोंडपाठ होतं, तरी विचारत गेले, कारण विचारावं लागतं.

"मृताची वैवाहिक स्थिती?"

"अविवाहित," डाग्नी म्हणाली. मान ताठ होती. "नीट लिही. अविवाहित."

मी लिहिलं. पुढची ओळ होती: माहिती देणाऱ्याचं मृताशी नातं. मी विचारलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. मी पुन्हा विचारलं. ती बाहेरच बघत राहिली.

इतक्या वर्षांत मी नोंदवहीत एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. साहेब मला चेष्टेने 'जर्मन कुलूप' म्हणायचे. मी कीबोर्ड पुढे ओढला आणि त्या ओळीत 'पत्नी' असं टाइप केलं.

डाग्नीने मान वळवून वाचलं. "वीबके, खोटं आहे ते."

"सही कर," मी म्हटलं.

तिने सही केली. मी छापील कागद साहेबांकडे नेला. त्यांनी तो वाचला, 'अविवाहित' वाचलं, खाली 'पत्नी' वाचलं, चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.